अंगावर ७६, पोटात ६३: कॉर्व्हेटच्या कामाच्या नोंदी

डेट्रॉइटकडच्या आपल्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी माझ्या कॉर्व्हेटच्या कामाबद्दल विचारलं, म्हणून वहीतल्या नोंदी नीट करून इथे टाकतोय. ज्यांना सी-३, म्हणजे तिसऱ्या पिढीची शेव्हरले कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार (१९६८ ते १९८२) घ्यायची आहे त्यांनी आधी हे वाचावं आणि मग पैसे मोजावेत. काम मुख्यतः मागच्या सस्पेन्शनचं आणि ब्रेकचं आहे. रंगाला मी हात लावलेला नाही.

१२ ऑक्टोबर २०२४

गाडी घरी आली. १९७६ ची स्टिंगरे, ऑटोमॅटिक, टी-टॉप (छताचे दोन तुकडे काढता येतात), ९,८०० डॉलर. ट्रेलरवरून आणली, कारण ब्रेक पॅडल थेट जमिनीला टेकत होतं. पुढच्या काचेच्या डाव्या खांबावरचा चासी नंबर तपासला. त्यातलं ‘एल’ म्हणजे साधं एल-४८ इंजिन, १८० हॉर्सपॉवर (‘एक्स’ असतं तर एल-८२, २१० हॉर्सपॉवर), ‘६’ म्हणजे साल आणि ‘एस’ म्हणजे सेंट लुईसचा कारखाना.

५.७ लिटरच्या व्ही-८ मधून १८० हॉर्सपॉवर म्हणजे आज हसू येतं. पण त्याआधीच्या वर्षी, म्हणजे १९७५ मध्ये, हाच आकडा १६५ होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि गाडीचा दम निघाला. त्यात १९७२ पासून आकडे नेट पद्धतीने, म्हणजे इंजिनाला सगळी जोडणी लावून मोजलेले, छापायला लागले, त्यामुळे साठच्या दशकातल्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका. ज्यांना पळणारी गाडी हवी आहे त्यांनी ७६ च्या वाटेला जाऊ नये. मला स्वस्तात, हाताने उघडता येईल अशी गाडी हवी होती.

१९ ऑक्टोबर

चारही चाकं काढली आणि गाडी स्टँडवर घेतली. बॉडी फायबरग्लासची, तिला गंज लागायचा प्रश्नच नाही. विकणाराही हेच ऐकवत होता. पण फायबरच्या आत, काचेभोवती आणि दारांच्या खांबांत लोखंडी सांगाडा असतो. इकडे त्याला बर्डकेज म्हणतात. तो सडतो, आणि बाहेरून पत्ता लागत नाही. पुढच्या काचेच्या कडेची चकचकीत पट्टी उचकटून बघितल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. माझ्या गाडीत डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक निघालं. खालचे कोपरे आणि दाराच्या बिजागरीचा खांब मात्र ठणठणीत. खालचे कोपरे गेले असते तर गाडी परत पाठवली असती, कारण ते काम काच, डॅशबोर्ड आणि अर्धी बॉडी सोडवल्याशिवाय होत नाही.

चासी मागच्या चाकाच्या पुढे जिथे वर वळते, तिथे हातोडीने ठोकत गेलो. आवाज भरीव आला. मिशिगनचं मीठ खाल्लेल्या गाडीत तो बहुतेक वेळा पोकळ येतो.

२ नोव्हेंबर

आजपासून खरं काम. मागचं सस्पेन्शन पूर्ण सोडवायचं.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे सुटे भाग मागवताना गोंधळ होणार नाही. गाडी ७६ ची असली तरी हे सस्पेन्शन १९६३ चं आहे. ६३ ला दुसरी पिढी आली, सी-२, स्टिंग रे (तेव्हा दोन शब्द). तिला पहिल्यांदा मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं सस्पेन्शन मिळालं. कॉर्व्हेटचे इंजिनिअर झोरा अर्कस-डन्टॉव्ह यांच्या मंडळींची ती करामत. डिफरन्शियल चासीला पक्कं बसवलेलं, त्यातून दोन्हीकडे चाक फिरवणारा दांडा, म्हणजे हाफशाफ्ट, आणि हा हाफशाफ्टच सस्पेन्शनच्या वरच्या दांड्याचं काम करतो. खाली स्ट्रट रॉड. पुढे-मागे पकडायला ट्रेलिंग आर्म. आणि या सगळ्याच्या खाली, गाडीला आडवा, नऊ पाट्यांचा एक लीफ स्प्रिंग.

६८ ला नवीन बॉडी आली, माको शार्क-२ या प्रदर्शनातल्या नमुन्यावरून काढलेली, कंबर आवळलेली. लोकांना ती नवी गाडी वाटली. खाली चासी तीच, ९८ इंचांचा व्हीलबेस तोच, सस्पेन्शन तेच. ते थेट १९८२ पर्यंत चाललं. म्हणून कॅटलॉगमध्ये बरेच भाग ‘६३–८२’ असे लिहिलेले दिसतात. तुमचं साल सापडलं नाही म्हणून घाबरू नका.

३ नोव्हेंबर

स्प्रिंग काढला. इथे जपून. स्प्रिंगची टोकं लांब बोल्टने ट्रेलिंग आर्मला टांगलेली असतात आणि त्यांच्यात भयंकर ताण असतो. टोकाखाली जॅक लावायचा, पण जॅक सरकू नये म्हणून आधी स्प्रिंगला सी-क्लॅम्प आवळायचा आणि जॅक त्याला अडेल असा ठेवायचा. मग जॅक थोडा वर घेऊन नट सोडायचा. क्लॅम्प न लावता केलं तर स्प्रिंग जॅकवरून निसटतो, आणि तेव्हा तुमचा पाय तिथे नसावा.

रात्री मामांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी सांगलीत ट्रक दुरुस्तीत आयुष्य घालवलंय.

“अरे, हा तर पाटा! आणि आडवा का टाकलाय?”

“मामा, स्पोर्ट्स कार आहे ही.”

“असू दे. पाट्यांच्या मधे काय घातलंय बघ. प्लॅस्टिक दिसतंय. ते झिजलं असणार, म्हणून कुरकुर करत असेल.”

मधल्या पट्ट्या खरोखरच झिजून कागदाएवढ्या झाल्या होत्या. मामांनी पाटे सुटे करून, घासून, नव्या पट्ट्या घालून परत बांधायला सांगितलं. मी करणार नाहीये. कारण पुढे येईल.

१० नोव्हेंबर

ट्रेलिंग आर्मचे पुढचे बोल्ट. या प्रकल्पातला सगळ्यात वाईट भाग हाच, आणि कोणत्याही सी-२, सी-३ मध्ये हाच असणार.

बोल्ट चासीच्या एका खोबणीत आडवा बसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ लोखंडी चकत्या, म्हणजे शिम, घातलेल्या असतात. मागच्या चाकाचा टो (चाक पुढून आत-बाहेर किती वळलंय) याच चकत्या कमी-जास्त करून जुळवायचा. पन्नास वर्षांत बोल्ट, बुशची (रबरी आधाराची) नळी आणि चकत्या गंजून एकजीव होतात. गंज सुटायचं तेल आठवडाभर मारलं, टॉर्चने तापवलं, मोठा हातोडा घातला. काही उपयोग नाही. नट निघाला, बोल्ट जागचा हलेना.

शेवटी रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पातं पुढे-मागे चालवणारी विजेची करवत. बुश आणि चासीच्या मधल्या फटीत लांब पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापायचा. पातं वाकून चासीच्या भिंतीला लागतं, म्हणून भिंतीला पत्र्याचा तुकडा लावून ठेवला. एकेका कापाला पाऊण तास, आणि पात्यांचा सडा. स्वस्तातली पाती घेऊ नका, दात लगेच जातात. उजवीकडचं झालं. हात थरथरत होते, म्हणून डावीकडचं पुढच्या रविवारी.

१७ नोव्हेंबर

डावीकडचंही निघालं. नव्या चकत्या स्टेनलेसच्या आणि खाच पाडलेल्या मागवल्या. त्या बोल्ट न काढता सरकवता येतात. सव्वीस डॉलरचा खर्च, पण पुढच्या मालकाचे दोन रविवार वाचतील.

आर्मच्या टोकाच्या चाकाच्या बेअरिंगचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. ही बेअरिंग ग्रीस भरून बंद करून टाकलेली असतात, बाहेरून ग्रीस मारायला निप्पल नाही. स्पिंडल (चाक बसतं तो दांडा) काढायला खास पुलर लागतो आणि बसवताना बेअरिंगमधला खेळ चकत्यांनी जुळवावा लागतो, इंचाच्या हजाराव्या भागात. शेजारचे आजोबा एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं होते. त्यांनी डायल इंडिकेटर (असा बारीक खेळ मोजणारं घड्याळ) उसना दिला आणि म्हणाले, मोजून बघ, मग ठरव. डावीकडे खेळ चौदा हजारांश निघाला. कंपनीच्या पुस्तकात कमाल आठ. उजवीकडे सहा, पण फिरवल्यावर खरखर.

दोन्ही आर्म पुन्हा बांधून घ्यायला पाठवले. ९४० डॉलर आणि येण्याजाण्याचं भाडं वेगळं. घरी करणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार.

७ डिसेंबर

थंडी उणे आठवर गेली. गॅरेजात हीटर लावून इलेक्ट्रिकची कामं घेतली.

तक्रार अशी: डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा दिवा मंद होतो आणि पेट्रोलचा काटा नाचतो. पत्र्याच्या गाडीत दिव्याचा उलटा करंट बॉडीतून परत जातो. फायबरमधून काय जाणार? म्हणून कॉर्व्हेटमध्ये प्रत्येक दिव्याला स्वतःची काळी अर्थिंगची वायर असते आणि ती कुठेतरी चासीला किंवा आतल्या सांगाड्याला बांधलेली असते. १९५३ च्या पहिल्या गाड्यांपासून ही गोष्ट चालत आलीय. दिवा, फ्यूज, स्विच बदलण्याआधी काळ्या वायरी घासा. माझ्याकडे मागच्या बंपरच्या आतला एकच स्क्रू हिरवा पडला होता. तो साफ केला आणि सगळं सुरळीत. खर्च शून्य.

फायबरचा एक फायदाही होता. त्रेपन्नच्या गाड्यांत रेडिओचा अँटेना डिकीच्या झाकणातच जाळी घालून लपवला होता. पत्रा असता तर जमलं नसतं.

१४ डिसेंबर

हेडलाइट. डावा उठतो, उजवा अर्ध्या मिनिटाने विचार करून उठतो. डोळा मारल्यासारखी दिसते गाडी.

१९६३ पासून २००४ पर्यंत प्रत्येक कॉर्व्हेटचे दिवे झाकलेले होते. सी-२ ला इलेक्ट्रिक मोटर होती. सी-३ ला कोणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, दिवे उचलायचं ठरलं. ६८ ते ७२ मध्ये तर वायपर झाकायला वेगळं दार होतं आणि तेही व्हॅक्यूमवर. ७३ ला ते काढलं, देवाची कृपा. सी-४ आणि सी-५ ला परत मोटर आली, आणि २००५ च्या सी-६ पासून दिवे उघडे.

हाताचा व्हॅक्यूम पंप (तीस डॉलर) घेऊन एकेक भाग तपासला. आधी नळी, मग रिले (व्हॅक्यूम सोडणारी-अडवणारी झडप), मग दिवा उचलणारा अ‍ॅक्च्युएटर. अंदाजाने भाग बदलायला गेलात तर दोनशे-तीनशे डॉलर सहज जातात. माझ्याकडे अ‍ॅक्च्युएटर दोन्ही चांगले होते; उजव्या रिलेचा पडदा फाटला होता आणि दोन नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या. नळ्यांवर रंगीत रेघा असतात, त्या पुसल्या गेल्या असतील तर काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव द्या. पूर्ण नळ्यांचा संच बदलला. आता दोन्ही एकदम उठतात.

११ जानेवारी २०२५

आर्म परत आले. सुंदर काम. सोबत नवीन स्प्रिंगही मागवला होता, तो फायबरग्लासचा, एकाच पाट्याचा.

मामांचं न ऐकण्याचं कारण हे. कंपनीने स्वतःच १९८१ मध्ये ऑटोमॅटिक गाड्यांना असा एकपाटी कंपोझिट स्प्रिंग बसवला. जुना लोखंडी चाळीस पौंडांच्या वर, हा आठच्या आसपास. म्हणजे मी बाहेरचं काही घालत नाहीये, याच पिढीने पुढे स्वतः केलेली सुधारणा पाच वर्षं मागे आणतोय. ८४ च्या सी-४ ला पुढेही आणि मागेही असाच आडवा कंपोझिट पाटा आला, आणि ती रीत सी-५, सी-६, सी-७ पर्यंत, थेट २०१९ पर्यंत टिकली. ट्रकचा पाटा म्हणून लोक हसत राहिले, पण कंपनीने तो सोडला नाही. २०२० च्या सी-८ मध्ये इंजिन मागे गेलं तेव्हाच कॉइल स्प्रिंग आले.

मामांना सांगितलं. म्हणाले, “फायबरचा पाटा? तुटला की मला फोटो पाठव.”

१८ जानेवारी

बसवला. मागची बाजू बोकडासारखी वर. जुना स्प्रिंग बसलेला होता, नवा ताठ आहे. इलाज सोपा: टोकांचे बोल्ट जास्त लांब घ्यायचे. स्प्रिंगचं टोक आर्मच्या खाली लोंबतं, म्हणून बोल्ट जितका लांब तितकी गाडी खाली बसते. पण गाडी चाकांवर उभी करून, थोडी फिरवून मगच उंची मोजा. स्टँडवर मोजून बोल्ट मागवू नका.

८ फेब्रुवारी

ब्रेक. १९६५ पासून चारही चाकांना डिस्क, आणि प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन. त्या काळासाठी जबरदस्त. पण गाडी उभी राहिली की कॅलिपरच्या आत पाणी जमतं, बोअर गंजतात आणि तेल गळतं. उपाय सर्वांना माहीत आहे: बोअरमध्ये स्टेनलेसची बाही घातलेले कॅलिपर. चारांचा संच ४३० डॉलर.

लावले, हवा काढली, पॅडल टणक. चार दिवसांनी पॅडल परत मऊ. परत हवा काढली. परत मऊ. तेल कुठेही गळत नव्हतं. दोन वीकएंड यात गेले, मास्टर सिलिंडरही उगाच बदलला (११० डॉलर).

उत्तर आजोबांच्या डायल इंडिकेटरने दिलं. मागची डिस्क फिरताना बारा हजारांश डुलत होती, मर्यादा पाच. कारखान्यात डिस्क स्पिंडलला रिव्हेट ठोकून मग दोन्ही एकत्र मशीनवर घेत, त्यामुळे ती अगदी सरळ चालायची. डिस्क बदलताना रिव्हेट ड्रिलने काढतात आणि तो मेळ कायमचा जातो. नवी डिस्क चांगली, स्पिंडलही चांगलं, पण दोघांची जोडी वाकडी. डुलणारी डिस्क पिस्टनला आतबाहेर ढकलते आणि सीलच्या ओठावरून हवा आत शोषली जाते. तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती दिसत नाही.

डिस्क एकेक भोक पुढे फिरवून पाचही जागी मोजली, सगळ्यात कमी डोलणारी जागा निवडली (सात हजारांश) आणि मागे पातळ चकती घालून तीनवर आणली. दुसऱ्या बाजूला नुसतं फिरवूनच चारवर आली. तेव्हापासून पॅडल टणक आहे.

२२ मार्च

चाकांचं अलाइनमेंट. एका दुकानाने गाडी घेतली, पुढचं केलं, मागचं ‘होत नाही’ म्हणून कागदावर लिहून ११० डॉलर घेतले. मागचा टो चकत्यांनी जुळतो आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) स्ट्रट रॉडच्या मध्य एका बाजूला असलेल्या बोल्टने, हे तिथल्या पोराने कधी बघितलंच नव्हतं. गॅरेजात दोरी ताणून स्वतः केलं. दोरी, चार स्टँड, पट्टी आणि एक पूर्ण रविवार.

१९ एप्रिल

सुट्टीत बोलिंग ग्रीन, केंटकीला जाऊन आलो. १९८१ पासून कॉर्व्हेट तिथे बनते, आणि कारखान्याजवळच संग्रहालय आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत जमीन खचून आठ गाड्या खड्ड्यात गेल्या ते हेच. दहा लाखावी कॉर्व्हेट त्यातच होती. तिची पुढे दुरुस्ती झाली.

मी गेलो होतो ८३ ची गाडी बघायला. त्या वर्षी विक्रीला एकही कॉर्व्हेट आली नाही. सी-४ तयार होत नव्हती, ४३ नमुने बनले आणि एकच वाचला. तिच्यासमोर उभं राहून माझं मत पक्कं झालं की आठ पिढ्या हा जाहिरातीचा हिशेब आहे. खाली झोपून काम करणाऱ्याच्या हिशेबात पिढ्या पाचच. ५३ ची, जिला आधी सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गिअरचं ऑटोमॅटिक होतं, आणि ५५ ला व्ही-८ मिळालं म्हणून ती जगली. ६३ ची, जी ८२ पर्यंत चालली. ८४ ची. ९७ ची, जिने गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ नेला. सी-६, सी-७ त्याच मांडणीवर वाढल्या. आणि २०२० ची. मधल्या सगळ्या नव्या नावांत बॉडी बदलली, इंजिन बदललं, हाडं तीच राहिली.

डन्टॉव्ह आयुष्यभर मधल्या इंजिनाची (चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे इंजिन असलेली) कॉर्व्हेट मागत राहिले. नमुने बनवले, कंपनीने ते प्रदर्शनात मिरवले आणि बाजूला ठेवले. ते १९७५ ला निवृत्त झाले, ९६ ला गेले. कंपनीला तरी घाई कशाला असेल? माझ्यासारखी दमलेली, जाड बंपरची सी-३ जोरात खपत होती; १९७९ ला ५३,८०७ गाड्या बनल्या, आजवरचा उच्चांक. विकणाऱ्या मालाला कोण हात लावतो.

१० मे

पहिली लांब फेरी, फ्लिंटपर्यंत. ५३ च्या तीनशे पांढऱ्या गाड्या तिथेच हाताने जुळवल्या होत्या. हायवेवर मागचं टोक सरळ आणि शांत चालतं, कुरकुर बंद. खड्ड्यातून जाताना लोखंडी स्प्रिंगसारखा धक्का पाठीपर्यंत येत नाही. स्टिअरिंग मात्र तसंच ढिसाळ. ७६ मध्ये कंपनीने शेव्हरलेच्या स्वस्त व्हेगा गाडीसारखं स्टिअरिंग व्हील या गाडीला लावलं होतं, तेव्हाच्या गिऱ्हाईकांनीही त्यावर बोटं मोडली. ते मी बदलणार आहे. अस्सलपणाचं कौतुक ज्यांना आहे त्यांनी ते माझ्याकडून घेऊन जावं, फुकट.

१७ मे

काचेच्या कोपऱ्यातलं ते भोक वेल्डरकडून भरून घेतलं, काच काढून-बसवून ६५० डॉलर. काच जुनी होती तरी वाचली, नशीब.

आजवरचा हिशेब, गाडीची किंमत सोडून: मागचं सस्पेन्शन, स्प्रिंग, बुश आणि बोल्ट धरून १,७२०, ब्रेक ८१०, व्हॅक्यूम २४०, काच आणि वेल्डिंग ६५०, पाती, तेल, ग्रीस, चहा आणि किरकोळ ३००. एकूण ३,७२०. यातले मास्टर सिलिंडर आणि अलाइनमेंटचे मिळून २२० पाण्यात गेले, पण मास्टर सिलिंडर नवा आहे म्हणून मी ते अर्धेच धरतो.

मागचा बंपर लाटा आल्यासारखा दिसतो, कारण युरेथेन जुनं झालं की तसंच होतं. पाच मैलांच्या वेगाची धडक सोसायचा सरकारी नियम आला म्हणून ७३ ला पुढचं आणि ७४ ला मागचं क्रोम जाऊन हे आलं. फायबरचा बंपर स्वस्तात मिळतो, पण तो बसवायला घासाघीस फार आणि ठोकर लागली की तडकतो. सध्या लाटा राहू देतो. टी-टॉपच्या रबरांतून उजव्या सीटवर पाणी ठिबकतंय, ते आधी. रबरं मागवली आहेत, आल्यावर लिहितो.